खंडोबाच्या फोटोखालचे पैसे

शेवगावात बाजारतळाकडे जाताना डाव्या हाताला एक अरुंद दुकान लागतं. दुकान असं दिसत नाही, नुसते गोंडे दिसतात. लाल, पिवळे, हिरवे, गुलाबी, दारापासून आतल्या भिंतीपर्यंत लोंबलेले. त्या गोंड्यांच्या मागून आवाज येतो, "या, आत या, डोकं संबाळून." तो आवाज बनुबाईचा.

बैलांचा साज करायचा हे त्या घरचं पिढीजात काम. कासरे, डोक्याला बांधायच्या मोरक्या, गळ्यातल्या माळा, शिंगांचे गोंडे. सूत पिळायचं आणि मोरकी विणायची ती बनुबाईच्या नवऱ्याने, वैजनाथने. गोंडे बांधायचे बनुबाईने. आणि पैसा सांभाळायचा तोही बनुबाईनेच. ही वाटणी तिच्या सासूने केली होती. लग्नानंतर पहिल्याच पोळ्याला वैजनाथने एका मित्राला बैलजोडीचा सगळा साज विकला. मित्राने पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हटलं, आणि गावी परत जायला खिशात काही नाही असंही म्हटलं. वैजनाथने त्याला एसटीचं भाडं दिलं, वर चहा पाजला. सासूने त्याच संध्याकाळी तीन डबे सुनेपुढे ठेवले. म्हणाली, "लेक माझा हाय, गुणाचा हाय, पन पैसा ह्येच्या हाती दिऊ नको."

डबे अजून तेच आहेत. एक सुताचा, एक घराचा, एक आल्यागेल्याचा. आलेला पैसा तिन्हींत वाटून पडतो आणि एकदा पडला की जागा सोडत नाही. एका डब्यातून दुसऱ्यात उसनं घ्यायचं नाही, हा बनुबाईचा नियम. एकदा व्याही आले तेव्हा घराचा डबा रिकामा होता आणि सुताचा गच्च भरलेला. व्याह्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला. "शुगर हाय का कुनाला?" असं त्यांनी हळूच विचारलंसुद्धा. बनुबाईने त्यांना गूळ दिला, पण सुताच्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

बैल कमी झाले म्हणून गावात लोक हळहळतात. बनुबाईला हळहळायला सवड नाही. बैल गेले तिथे ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरला बैलापेक्षा मोठा गोंडा लागतो. मागच्या साली एकाने जेसीबीसाठी गोंडे मागितले. ते नक्की कुठे बांधणार हे तिने विचारलं नाही. नारळाएवढे बांधून दिले.

सासूच्या वेळच्या आणखी दोन रीती दुकानात चालत होत्या. पहिली भावाची. कुठल्याही जिनसाचा भाव पुरा सांगायचा नाही, वर एक ठेवायचा. बारका गोंडा एकवीस, मोठा एक्कावन्न, मोरकी एकशे एक. पुरा आकडा म्हणजे व्यवहार संपला, वर एक असला की गिऱ्हाईक परत येतं, असं सासू म्हणायची. दुसरी रीत देवाची. दुकानाच्या आतल्या भिंतीला फळी आहे, फळीवर खंडोबाचा फोटो, पुढे भंडाऱ्याची वाटी आणि पितळी ताटली. साज घेतला की शेतकरी तो फोटोपुढे धरायचा, बनुबाई त्याला चिमूटभर भंडारा लावायची आणि मग माणूस ताटलीत काहीतरी टाकायचा. कोणी रुपया, कोणी अकरा, जोडी नवी असली तर एक्कावन्न. ते पैसे बनुबाईने आजवर कधी मोजले नाहीत. चंपाषष्ठीला फडक्यात बांधून वेशीबाहेरच्या खंडोबाच्या पेटीत नेऊन टाकायची. देवाला जायचं ते आपण मोजायचं कशाला, असं तिला वाटे.

यंदा आषाढात तिच्या मुलाने दुकानात सुधारणा केली.

अंगद पतसंस्थेत कारकून आहे. पोरगा शहाणा, आईच्या शब्दाबाहेर नाही, पण त्याला रोज एकच दुःख. लोकांकडे सुटे नाहीत आणि आईकडे मोबाईलवर पैसे घ्यायची सोय नाही. एका रविवारी त्याने चौकोनी ठिपक्यांचा तो कागद आणला आणि एक बोलका डबाही आणला. पैसे आले की डबा मोठ्याने सांगतो.

"कुठं लावू?" अंगदने विचारलं.

भिंतभर गोंडे. दारात लावावा तर माळा आड येत होत्या. मोकळी जागा एकच होती, खंडोबाच्या फोटोखाली हातभर. विजेचा बोर्डही तिथेच. अंगदने कागद फोटोखाली चिकटवला आणि डबा फळीवर फोटोच्या मागे ठेवला. बनुबाईने कागदाला भंडारा लावला. नवी वस्तू होती, लावायला नको?

दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा नातवाबरोबर कासरा घ्यायला आले. नातवाने मोबाईल कागदापुढे धरला. फोटोमागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "एकशे एक रुपये प्राप्त झाले." म्हातारबाबांनी डोक्याची टोपी काढून दोन्ही हात जोडले. बनुबाईने कासरा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. नमस्कार खंडोबालाच तर गेला होता.

महिनाभर मजेत गेला. डबा दिवसभर बोलत होता. संध्याकाळी अंगद मोबाईलमध्ये बघून आईला आकडा सांगे, आणि आई म्हणे, "ऱ्हाऊ दे तिथंच. सुताला लागंल."

पोळ्याला तीन आठवडे उरले तेव्हा गोरक्ष आला. हे तालुक्याच्या पूर्वेकडचं जुनं गिऱ्हाईक. त्याने मोठ्या गोंड्यांची जोडी घेतली, मोबाईल काढला, कागदापुढे धरला. डबा म्हणाला, एकशे दोन रुपये. गोरक्षने गोंडे फोटोपुढे धरले, भंडारा लावून घेतला आणि मोबाईल पुन्हा कागदापुढे धरला. डबा म्हणाला, एक्कावन्न रुपये.

"आरं, दोनदा दिलंस की," बनुबाई म्हणाली.

"न्हाई मावशी. आधी दुकानाचे, मग देवाचे."

"देवाचे म्हंजी?"

"ताटलीत टाकायला सुटे कुठं ऱ्हायलेत आता? समदे असंच करत्यात की. म्हटलं, तुमी लई ब्येस सोय केली. देवाचा कागद देवाखालीच."

बनुबाईने ताटलीकडे पाहिलं. ताटलीत सात रुपये आणि एक बटण होतं. एवढ्या दिवसांत ताटली भरली नाही हे तिला दिसलं होतं, पण माणसांची भक्ती कमी झाली असावी असं समजून तिने मनातल्या मनात शेवगावला नावं ठेवली होती.

गोरक्ष गेला. बनुबाई पाटावर बसली ती उठेना. आतून वैजनाथने विचारलं, "काय झालं गं?"

"देवाचं पैसं आपल्या पैशात मिसळलं," ती म्हणाली. वैजनाथने हातातलं सूत खाली ठेवलं, एवढं ते गंभीर होतं.

संध्याकाळी अंगद आल्या आल्या तिने सांगितलं, "त्या खात्यातला एक रुपया उचलायचा न्हाई."

अंगद चपला काढता काढता थांबला. "आई, शनिवारी सूतवाला येतोय."

हे बनुबाईला माहीत नव्हतं असं नाही. नगरचा सूतवाला टेम्पो घेऊन यायचा आणि पैसे हातात पडल्याशिवाय मागचा फाळका उघडायचा नाही. दुकानात चार दिवस पुरेल एवढं सूत उरलेलं. वर्षाच्या कमाईतली बारा आणे कमाई या तीन आठवड्यांत व्हायची. सूत नाही तर पोळा नाही, आणि पोळा नाही तर पुढचं वर्ष कशावर काढायचं? सुताला पंचवीस हजार लागणार होते. सुताच्या डब्यात पाच होते. बाकी सगळं त्या खात्यात, देवाच्या पैशात कालवलेलं.

"खात्यात सत्तावीस हजार आहेत," अंगद म्हणाला. "त्यातले देवाचे असतील हजार-दोन हजार. अंदाजाने काढून ठेवू."

"देवाचं अंदाजानं काढतोस?"

"मग कसं काढू?"

"कुनी किती दिलं ते तुझ्या मोबाईलात दिसतं का न्हाई?"

दिसत होतं. सून अश्विनी मोबाईल घेऊन बसली, बनुबाई तिच्याशेजारी तांदूळ निवडत बसली. अश्विनी नावं आणि आकडे वाचू लागली. मोठे आकडे सरळ होते. ट्रॅक्टरवाल्यांचे हजार-बाराशे, पूर्ण साजाचे दोन हजार. ते दुकानाचे. त्यांची बेरीज सोळा हजार झाली. खाली राहिले अकरा हजार, आणि ते सगळे एकवीस, एक्कावन्न, एकशे एक.

"आत्या," अश्विनी शांतपणे म्हणाली, "आपला गोंडा एक्कावन्नचा."

"व्हय."

"आणि लोक देवाला एक्कावन्न देतात."

बनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. सासूने भावावर ठेवलेला एक, आणि लोकांनी देवापुढे ठेवलेला एक, दोन्ही एकाच ओळीत येऊन बसले होते आणि एकमेकांना ओळख देत नव्हते.

"फोन करून विचारू," बनुबाई म्हणाली.

पहिला फोन बजरंगला लागला. "एकशे एक? ते मोरकीचे, मावशी. थांबा. मोरकी तर मी रोख नेली. मग देवाचे आसतील. पन देवाला मी एकशे एक कशाला दिऊ? माझी तर म्हैस आटली."

"मग कशाचे?"

"आता तुमी इचारलं म्हनून मलाच घोर लागला. रातभर इचार करून सांगतो."

दुसऱ्याने विचारलं, देवाचे म्हटलं तर पावती मिळेल का. तिसरा हळू आवाजात म्हणाला, "काकू, घरात मी एकच गोंडा घेतला असं सांगितलंय. बाकीचे देवाचे धरा. बायकोनं इचारलं तर देवाचेच म्हना." चौथा फार खूश झाला. "बरं झालं फोन केला. त्या दिवशी माझे वीस रुपये तुमच्याकडं ऱ्हायलेत." पाचव्याने ते पैसे मुलाने दिल्याचं सांगितलं, मुलगा पुण्याला होता, आणि पुण्याहून मुलगा म्हणाला, "कोण बनुबाई?"

दहा फोन झाले तेव्हा तीन रकमांचा निकाल लागला होता आणि दोन माणसं पैसे परत मागत होती. अश्विनीने मोबाईल उपडा ठेवला. "आत्या, अजून पन्नास फोन केले तर दुकान विकावं लागेल."

वैजनाथ इतका वेळ दारात बसून होता. तो म्हणाला, "समदेच दिऊन टाक देवाला."

त्याने पैशाच्या बाबतीत तोंड उघडलं म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस तोच, एसटीचं भाडं देणारा. पण या खेपेला बनुबाईला त्याचं म्हणणं पटलं.

"आई," अंगद काकुळतीला आला, "त्यात निम्म्याहून जास्त आपल्या कष्टाचे आहेत."

"आसतील. आपलं देवाकडं गेलं तर तो संबाळील. देवाचं आपल्याकडं ऱ्हायलं तर आपल्याला पचंल का? तू सांग, पचंल का तुला?"

पतसंस्थेत असला प्रश्न अंगदला कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "मग सूत?"

"सोळा आन् पाच एकवीस. चार हजार कमी पडत्यात. बघंल खंडोबा."

"खंडोबा बघेल, पण सूतवाला बघेल का?"

यावर बनुबाईने त्याला जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी अंगदने अकरा हजार काढून आणले. पाचशेच्या नोटांना आईने घरातलं हिरवं रबर लावलं, पिशवीत घातल्या आणि मायलेक वेशीबाहेरच्या खंडोबाला गेले. देवळाचा कारभार शामकांत सरांकडे. निवृत्त मुख्याध्यापक, घरात पिढ्यानपिढ्या पूजा आणि शिकवणं. देवळाच्या ओवरीत टेबल टाकून ते हिशेब लिहीत बसलेले असत आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघत.

बनुबाईने सगळं सांगितलं. सरांनी मध्येच एकदा चष्मा पुसला.

"उत्तम," ते म्हणाले. "पावती कुणाच्या नावाने करू?"

"माझ्या न्हाई. माझं न्हाईत ते."

"मग ज्यांचे आहेत त्यांची नावं सांगा."

"तेवढंच तर ठावं न्हाई."

सरांनी थोडा विचार करून पावतीवर लिहिलं, 'समस्त गिऱ्हाईक, पोळा'. नोटा मोजल्या, रबर पुन्हा लावलं आणि पुडकं लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. बनुबाईने देवाकडे तोंड करून हात जोडले. तिला इतकं हलकं वाटलं की शनिवार दोन दिवसांवर आहे हे ती घटकाभर विसरली.

"आता आलाच आहात तर एक सल्ला द्या," सर म्हणाले. त्यांनी मोबाईल पुढे केला. "चंपाषष्ठीला देवाच्या घोड्याला नवा साज करायचाय, पालखीलाही गोंडे हवेत. पैसे नव्हते म्हणून तीन वर्षं लांबलं. आज जमले. शहरातल्या दुकानाने हा पाठवलाय. साडेसहा हजार म्हणतात. कसा वाटतो?"

बनुबाईने मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"सर, हे नायलॉन हाय."

"चमक चांगली आहे."

"घोड्याला खाज सुटंल. भर मिरवणुकीत देवाला घिऊन नाचंल त्यो. आन् अंगावरचा जुना साज कुनी केलाय ठावं हाय का? माझ्या सासूनं."

"मग तुम्ही करून द्या. किती घ्याल?"

"अकरा हजार एक."

"फार होतात."

"हाताचं काम हाय, सर."

"हे बघा बनुबाई, हे देवाचे पैसे आहेत. देवाचा पैसा मला उधळता येत नाही."

"आत्ता घटकाभरापूर्वी माझ्याच पिशवीत हुते की."

"होते ना," सर म्हणाले. "आता पेटीत आहेत."

अंगद खांबाला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. बनुबाई गिऱ्हाइकापुढे भाव सोडणारी बाई नव्हती. पण समोरचं गिऱ्हाईक गाभाऱ्यात बसलं होतं आणि त्याच्या वतीने भांडणारा माणूस चाळीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतलेला. ती दहावर आली. सर आठवर होते. तिने पालखीच्या गोंड्यांना जरीची कलाबूत लावायचं कबूल केलं, सर साडेआठवर आले. शेवटी बनुबाईने गाभाऱ्याकडे बघून, "आता तूच बघ बाबा हे," असं म्हटलं. सरांना ते ऐकू गेलं आणि नऊ हजार एकवर सौदा ठरला.

"निम्मी उचल आत्ता द्यावी लागंल. सूत आनायचंय."

सरांनी पेटी उघडली. तेच पुडकं निघालं, तेच हिरवं रबर. त्यातून नऊ नोटा मोजून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि वरचा एक रुपया स्वतःच्या खिशातून काढून दिला. "माझ्याकडून," म्हणाले. "देवाच्या पेटीत सुटे नाहीत."

घरी जाताना अंगद बोटांवर हिशेब करत चालला. मग म्हणाला, "आई, मला नीट समजू दे. आपण देवाला अकरा हजार दिले."

"गिऱ्हाइकानं दिले."

"बरं, गिऱ्हाइकाने. देव त्यातले नऊ हजार आपल्याला देणार आणि त्याबदल्यात आपण देवाला साज करून देणार."

"व्हय."

"मग यात आपल्याला मिळालं काय?"

"सूत," बनुबाई म्हणाली.

शनिवारी टेम्पो आला. एकवीस हजार आणि उचलीचे साडेचार हजार असे मिळून पैसे पुरले, वर पाचशे उरले. सूतवाल्याने फाळका उघडला. लाल सुताची पहिली गुंडी बनुबाईने बाजूला काढली आणि घोड्याच्या साजासाठी म्हणून फळीवर ठेवली. वैजनाथ त्या दिवसापासून पहाटे उठून बसू लागला. तो म्हणे, बैलाचा साज एक दिवसाचा, घोड्याचा साज मिरवायचा असतो. पोटापुरतं झालं की गुणी माणसाला असलंच काम आवडतं.

मग प्रश्न राहिला त्या कागदाचा. अंगदने तो खरवडून काढला आणि दाराच्या चौकटीला चिकटवला, तिथल्या दोन माळा हलवून. त्यावर अश्विनीने ठळक अक्षरात लिहिलं, 'दुकानाचे पैसे इथे'. फळीवर लिहिलं, 'देवाचे फक्त ताटलीत'. डबा मात्र फोटोमागेच राहिला, कारण विजेचा बोर्ड तिथेच होता.

"तरीबी लोक दारातून देवाला देतीलच," बनुबाई म्हणाली. तिला गिऱ्हाईक ठाऊक होतं.

"म्हणून सांगते, आत्या, भाव पुरा ठेवा," अश्विनी म्हणाली. "गोंडा पन्नास, मोरकी शंभर. वर एक दिसला की समजायचं, देवाचे."

बनुबाईने सासूच्या फोटोकडे पाहिलं. तो खंडोबाच्या फोटोपासून दोन हात लांब होता आणि त्यातली नजर डब्यांवर होती. "बरं," ती म्हणाली. पण ते 'बरं' ऐकून अश्विनीला काही फारशी खात्री वाटली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोरक्ष पुन्हा आला, या खेपेला मेहुण्याला घेऊन. मेहुण्याने मोठा गोंडा उचलला. "कितीला, मावशी?"

बनुबाईने तोंड उघडलं. पन्नास म्हणायचं होतं. तीन दिवस ती आतल्या आत घोकत होती. पण एवढ्या वर्षांची जीभ, ती कुठली वळते.

"एक्कावन्न," ती म्हणाली.

मेहुण्याने दारात मोबाईल धरला. फोटोमागून बाईचा आवाज आला, "एक्कावन्न रुपये प्राप्त झाले." अश्विनीने कपाळावर हात मारून घेतला. बनुबाईने सुनेकडे पाहिलं नाही. तिने आल्यागेल्याच्या डब्याचं झाकण उघडलं, एक रुपयाचं नाणं काढलं आणि ताटलीत टाकलं. ताटली वाजली.

"पन्नास आपले," ती म्हणाली, "वरचा त्याचा. म्हन आता पुढच्याला, ये."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ताटली वाजत राहिली, आणि अश्विनीने अंगदला निरोप पाठवला की येताना पतसंस्थेतून दोनशेची चिल्लर घेऊन या.